वर जाताना अर्थ

केबिनला खिडक्या चार, त्यातली एक उघडत नाही.
खाणीच्या फलाटापासून वरच्या वस्तीपर्यंत सहा मिनिटं.
मी दार लावते, घंटीचं बटण दाबते
आणि स्टुलाखालचं पुस्तक काढते.
वर जाताना अर्थ,
खाली येताना वाक्य.
एका फेरीला एकच शब्द. त्याहून जास्त डोक्यात टिकत नाही,
आणि तार काही माझ्यासाठी थांबत नाही.

पुस्तक तोर्निकेचं, परीक्षेसाठी घेतलेलं,
कुतायसीच्या बाजारातून, जुनं,
चहाचा डाग आधीच्या कुणाचा तरी.
लाल पेन्सिलीच्या खुणा एपासून एलपर्यंत.
मग खुणा नाहीत. मग पोलंड,
मांसाचा कारखाना, थंडगार खोल्या,
तिथं म्हणे कुणाला बोलावंच लागत नाही.

शेवटची खूण लॅकोनिकपाशी.
लॅकोनिक: मोजकं बोलणारा.
कर्नलने लॅकोनिक उत्तर दिले, असं छापलंय.
त्याखाली त्याच्या तिरक्या अक्षरात:
माझी आई लॅकोनिक नाही.

अख्खी फेरी हसले.
बटाट्यांची पिशवी मांडीवर घेतलेली मझिया म्हणाली, काय गं झालं?
सांगायला लागले,
ते वरचं स्टेशन आलं, ती उतरली,
तरी सांगतच होते.

एमपासून मग मीच धरलं.
तिथं एक मिस्टर पेंडल्टन आहेत.
म्युनिफिसन्ट: सढळ हाताचा.
मिस्टर पेंडल्टननी गावाला वाचनालय बांधून दिले.
पीपर्यंत पोचले तर पेन्यूरियस: कफल्लक.
मिस्टर पेंडल्टनकडे कोळशापुरतेही पैसे उरले नव्हते.
मधली पानं चाळली. एनमध्ये पत्ता नाही,
ओमध्ये नुसती त्यांची बायको, हट्टाला पेटलेली.
एवढ्यात काय झालं असेल या माणसाचं?
ओतियाला विचारलं. चाळीस वर्षं खाणीत काढलेला,
दोन्ही हात काठीवर ठेवून दरीत बघत राहिला.
म्हणाला, पत्ते.

अर्थ मला लवकर कळतात.
वाक्यं मात्र परक्या घरातल्या खुर्च्यांसारखी,
बसता येतं, रेलता येत नाही.
तिथं सगळ्यांकडे माळी असतो, वकील असतो,
कुणाच्याच नखांत मँगनीजचा काळा नाही.
म्हणून हल्ली तिकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर
माझी मीच लिहिते.
क्वेर्युलस: सदा कुरकुरणारा.
वरच्या स्टेशनचं चाक क्वेर्युलस आहे,
तेल मागितलं की ऑफिस अर्ज मागतं.
प्रिकॅरियस: कधी कोसळेल नेम नाही असं.
आमची केबिन प्रिकॅरियस आहे,
असं लिहिलं, आणि खोडलं.
समोर चार माणसं बसली होती.

परवा रेसिप्रोकल आला.
दिलं तसंच परत येणारं, दोन्हीकडून सारखं.
दोन राष्ट्रांमध्ये रेसिप्रोकल करार झाला, म्हणे.
त्या दिवशी धुकं होतं, दरी दिसत नव्हती,
मी त्या राष्ट्रांकडेच बघत बसले.
आमच्याकडे आई पोराला हाक मारते ती देदा म्हणून.
देदा म्हणजे आई.
जेवून घे देदा, कानटोपी घाल देदा,
आई स्वतःचंच नाव पोराच्या अंगावर पांघरते
आणि पोर ओ देतं.
हे कुठल्या अक्षराखाली शोधायचं?

रात्री त्याचा फोन आला.
मागं कसलंसं यंत्र घरघरत होतं.
म्हणाला, देदा.
मी म्हणाले, देदा.
मग दोघंही गप्प,
सहा मिनिटं नसतील, पण एक फेरी झाल्यासारखं वाटलं.
शब्द वापरायचा राहून गेला.
फोन ठेवल्यावर त्याच्या त्या वाक्यापाशी गेले,
नाही वर पेन्सिल टेकवली,
आणि उचलली.

आज खालच्या फलाटावर ओतिया चढला,
टोपीवर बर्फ, काठीला चिखल.
दार लावलं, बटण दाबलं.
आजचा? त्यानं विचारलं.
थांब, म्हटलं, एस सुरू होतोय,
पानं चिकटलीत.